जिन्यातला दिवा आणि लेकीचं इंजिनिअरिंग

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बारावी सायन्सला, गणिताची आवड, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचं म्हणते, आणि पुण्याचे भावोजी म्हणतात न्यूरल नेटवर्क, म्हणजे एआयच्या मुळाशी असलेला उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम, हा माणसाचा मेंदूच, आता कॉम्प्युटर स्वतः विचार करतो, हिच्या हातात डिग्री येईपर्यंत काम उरणार नाही, फी पाण्यात जाईल. त्यावरून पोरगी चार दिवस नीट जेवत नाहीये हे वाचून वाईट वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही भीती नवी नाहीये. १९५८ मध्ये अमेरिकेत फ्रँक रोझेनब्लाटने पर्सेप्ट्रॉन दाखवला, आजच्या नेटवर्कचा पणजोबाच म्हणा. कार्डावरची खूण डावीकडे आहे की उजवीकडे, एवढंच तो पन्नासेक वेळा बघून ओळखायला शिकला, आणि पेपरात काय आलं तर हे मशीन पुढे चालेल, बोलेल, स्वतःसारखी मशीन्स बनवेल, त्याला स्वतःच्या असण्याची जाणीवही असेल!

त्याला काय जमत नव्हतं ते तुमच्या घरातच दिसेल. जिन्यातला दिवा बघा, एक बटण खाली, एक वर. समजा दोन्ही बंद असली की दिवा बंद, कुठलंही एक दाबलं की लागतो, दोन्ही दाबली की परत बंद. आता नेटवर्कचं एक युनिट काय करतं, तर आलेल्या आकड्यांना वजनांनी (कुठल्या आकड्याला किती महत्त्व द्यायचं ते ठरवणाऱ्या आकड्यांनी) गुणतं, बेरीज करतं आणि बेरीज ठरलेल्या आकड्याच्या पुढे गेली की 'हो' म्हणतं. बस्स. मग एकट्या खालच्या बटणाने बेरीज पुढे जाते, एकट्या वरच्यानेही जाते, तर दोन्ही दाबल्यावर ती आणखी वाढणार ना, दिवा बंद होणार कसा? वजनं काहीही घ्या, होतच नाही. लेकीला कागदावर करून बघायला सांगा, लॉजिकच्या धड्यातलं टेबल तिला येतंच. १९६९ मध्ये मिन्स्की आणि पॅपर्ट या संशोधकांनी ही मर्यादा गणिताने दाखवली. मधे अशा युनिट्सचा आणखी एक थर घातला की जमतं, आणि अशा थरांची वजनं सुधारायची जी रीत १९८६ मध्ये गाजली तिच्या मुळाशी डेरिव्हेटिव्हचा चेन रूल आहे, बारावीच्याच पुस्तकातला.

म्हणजे कल्पना मेंदूवरून घेतली हे खरं, पण आत मेंदू नाहीये. आजची नेटवर्क्स प्रचंड मोठी आहेत, थक्क करणारी कामं करतात, ते मी नाकारत नाही. पण ती शिकतात दाखवलेल्या उदाहरणांवरून, आणि काही वेगळंच समोर आलं की तितक्याच ठामपणे चुकीचं उत्तर देतात. ते चुकलंय हे कळायला माणूस लागतो, आणि त्या माणसाचा पाया पक्का लागतो.

मोठमोठ्या लोकांचेही अंदाज फसतात हो. १९८६ च्या त्या कामातले जेफ्री हिंटन, ज्यांना २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, ते २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर, तयार करणं आत्ताच थांबवा, पाच वर्षांत नेटवर्क त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. पाच वर्षं कधीच उलटली आणि आपल्याकडे डॉक्टरांच्या 'नीट पीजी' प्रवेश परीक्षेत रेडिओलॉजीच्या सीटसाठी अजून झुंबड असते. तेव्हा ऐकून ज्यांनी ती लाईन सोडली असेल त्यांचा विचार करा.

भावोजींचं एक मात्र बरोबर आहे, साधा ठरलेल्या साच्यातला कोड आता मशीन लिहून देतं, त्यामुळे नुसता एखादा कोर्स करून नोकरी मिळेल या भरवशावर राहू नका. म्हणूनच ब्रँचच्या नावात एआय आहे का हे बघत बसू नका, सिलॅबस मागवा आणि त्यात लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी, डेटा स्ट्रक्चर्स किती खोल शिकवतात ते बघा. साधं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग चांगल्या कॉलेजात मिळत असेल तर डोळे झाकून तेच घ्या. सीईटीपर्यंत तिने मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह आणि प्रोबॅबिलिटी मनापासून करावं, मार्कही मिळतील आणि पुढे हेच रोज लागणार आहे.

आज रात्री तिला जवळ बसवून फॉर्म भरायचाय एवढं सांगा. पर्सेंटाईल आला की मला कळवा, कॉलेजांची यादी आपण मिळून लावू.