काकांची हवेची बोट पुन्हा पाण्यावर येईल का?

प्रश्न : माझ्या काकांनी सुमारे चाळीस वर्षांपूर्वी घेतलेली एक फ्रेंच बनावटीची हवेची बोट आमच्या घराच्या माळ्यावर सापडली. ती राखाडी रंगाची, तीन कप्प्यांची असून मागे इंजिन लावण्यासाठी लाकडी फळी आहे. हवा भरली की एक कप्पा तासाभरात बसतो, दुसऱ्याचा व्हॉल्व्ह तुटला आहे आणि वल्हे अडकवण्याची एक रबरी खुंटी निघून आली आहे. कंपनीकडे विचारणा केली असता या मॉडेलचे सुटे भाग आता बनत नाहीत, असे उत्तर आले. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने सायकलच्या सोल्युशनने मारून दिलेले ठिगळ दोन दिवसांत निघाले. दसऱ्यापर्यंत बोट पाण्यात उतरवता येईल का? (एक वाचक, कर्वेनगर, पुणे)

उत्तर : दसऱ्यापर्यंत नाही, पण डिसेंबरपर्यंत बहुधा होईल. याचे कारण सुटे भाग नसून पुण्याची हवा आहे. ते पुढे येईलच.

सर्वप्रथम बोटीचे कापड कोणते आहे, हे ठरवावे, कारण पुढचे प्रत्येक पाऊल त्यावर अवलंबून आहे. हवेच्या बोटी मुख्यतः दोन प्रकारच्या कापडांच्या असतात : पीव्हीसी (प्लास्टिकचा लेप असलेले) आणि हायपालॉन (कृत्रिम रबराचा लेप असलेले). सुट्या लोंबणाऱ्या कडेची आतली बाजू पाहावी. दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत आणि चमकदार असतील, तर ते पीव्हीसी समजावे; बाहेरची बाजू निस्तेज आणि आतली वेगळ्या रंगाची, रबरासारखी असेल, तर ते हायपालॉन असण्याचा संभव अधिक. खात्रीसाठी न दिसणाऱ्या जागी अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला बोळा घासून पाहावा. पीव्हीसी लगेच चिकट होते, हायपालॉन होत नाही. चाळीस वर्षांची पीव्हीसी बोट निघाली आणि तिचे सांधे एकामागून एक सुटत असतील, तर तिच्यावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हायपालॉन असेल, तर मात्र आशा धरण्यास पूर्ण जागा आहे.

पंक्चरवाल्याचे ठिगळ का निघाले, याचेही उत्तर यातच आहे. सायकलचे सोल्युशन ट्यूबच्या रबरासाठी असते. ते या दोन्ही कापडांना धरत नाही. हायपालॉनला निओप्रीनवर आधारित आणि पीव्हीसीला पॉलियुरेथेनवर आधारित, असा दोन भागांचा (डिंक आणि हार्डनर मिसळून वापरायचा) डिंक लागतो. एकाचा डिंक दुसऱ्याला चालत नाही. ठिगळाचे कापड मागवताना हेही ध्यानात ठेवावे की, ड्यूपॉन्टने हायपालॉनचे उत्पादन 2010 मध्ये थांबवले असून तेच द्रव्य आता इतर उत्पादकांकडून ‘सीएसएम’ या नावाने मिळते. जुन्या नावाने शोधून कापड ‘मिळत नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

हीच गोष्ट व्हॉल्व्हची. बोटी बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या व्हॉल्व्ह स्वतः बनवत नाहीत; ते हॅल्की-रॉबर्ट्स, लीफिल्ड, ब्राव्हो अशा उत्पादकांकडून घेतात. त्यामुळे बोटीचे मॉडेल बंद झाले, तरी तिचा व्हॉल्व्ह बंद झालेला असतोच असे नाही. तुटलेला व्हॉल्व्ह काढावा (पुष्कळदा त्याचा मागचा भाग कापडाच्या आत राहतो आणि पुढचा भाग त्यात आट्यांनी बसतो, म्हणून आतला भाग बाहेरून एका हाताने घट्ट धरूनच पाना फिरवावा), स्वच्छ धुऊन भिंगाखाली त्यावर कोरलेले नाव किंवा खूण पाहावी आणि व्हर्नियर कॅलिपरने भोकाचा व्यास, आट्यांचे अंतर आणि कापड धरणाऱ्या कडेची जाडी मोजून घ्यावी. दुकानदाराला बोटीचे नाव न सांगता ही मापे सांगावीत. केवळ झाकणच तुटले असेल, तर भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा चांगला टर्नर नायलॉनच्या दांड्यातून तसे झाकण काढून देऊ शकेल. नमुना मात्र सोबत न्यावा. खुंटीसाठी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात एक फेरी मारण्यास हरकत नाही.

गळती शोधताना घाई करू नये. तिन्ही कप्पे थोडेथोडे, आळीपाळीने भरावेत, म्हणजे मधल्या पडद्यांवर एकतर्फी ताण येत नाही. भरण्यासाठी टायरवाल्याचा कॉम्प्रेसर अजिबात वापरू नये. अशा बोटीला साधारण 240 मिलिबार, म्हणजे टायरच्या दाबाच्या जेमतेम दहावा भाग पुरतो. नंतर साबणाचे पाणी ब्रशने लावावे. एकाच जागी फुगणारा ठसठशीत बुडबुडा म्हणजे छिद्र किंवा सुटलेला सांधा. ते दुरुस्त होते. पण हातभर जागेवर ताज्या धारोष्ण दुधावर असतो तसा बारीक फेस उमटला, तर कापडावरचा लेपच संपला आहे, आणि तिथे ठिगळ कामाचे नाही. बाहेर कुठेच फेस नसून शेजारचा कप्पा फुगू लागला, तर मधला पडदा फाटला आहे. हे काम घरी करू नये.

आता हवेविषयी. डिंकातला द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेत ओल असेल, तर तिचा नजरेला न दिसणारा थर डिंकावर बसतो. वरून सांधा पक्का दिसतो आणि पहिल्याच उन्हात उचलला जातो. म्हणून हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांच्या आत असतानाच हे काम करावे. आपल्याकडे पावसाळ्यात ते साधत नाही. दिवाळीनंतरची कोरडी दुपार त्यासाठी उत्तम. ठिगळ छिद्राच्या चहूबाजूंनी किमान पाच सेंटिमीटर मोठे, गोल कोपऱ्यांचे कापावे. हायपालॉनचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासावेत, टोल्युइनने पुसावेत, डिंकाचे पातळ थर पुरेसे सुकू देऊन द्यावेत आणि ठिगळ मधून कडेकडे दाबत न्यावे. टोल्युइनची वाफ पेट घेते आणि डोके धरते, तेव्हा हे काम गच्चीवरच करावे. हवा भरण्यापूर्वी निदान आठवडाभर थांबावे.

चाचणीत एक फसगत होते. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी 29 अंश तापमानात 240 मिलिबारपर्यंत भरलेली बोट पहाटे 11 अंशांवर सुमारे 170 मिलिबार दाखवील, आणि तरी तिच्यात एकही छिद्र नसेल. हवा थंड झाल्याने दाब उतरतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच तापमानाला मोजावे.

मागच्या फळीत खालच्या कडेला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेला, तर फळी बदलावी. प्लायवूड आयएस 710 मानकाचे मरीन घ्यावे आणि कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद कराव्यात. पहिल्या हंगामात इंजिन लावू नये. खडकवासला किंवा पानशेतला जाण्याआधी जलसंपदा विभागाकडे परवानगीची चौकशी करावी, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असावे आणि काठापासून फार दूर न जाता एक दिवस नुसती वल्ही मारून पाहावीत.