मशीन लर्निंग वापरून शहराच्या हवामान नियोजनात पीएचडी करायची तर नेमकं काय काम असतं?

तुम्ही विचारलंय की सिव्हिल इंजिनिअरिंग झाल्यावर मशीन लर्निंग (म्हणजे डेटावरून संगणकाला अंदाज बांधायला शिकवणं) शिकून शहरांच्या हवामान नियोजनात पीएचडी करता येईल का, आणि त्यात रोज करायचं काय असतं. येईल, नक्की येईल. मी सध्या तेच करतेय, विषय आहे पुण्याची उन्हाळ्यातली उष्णता, त्यामुळे माझ्या कामावरूनच सांगते.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की मॉडेल चालवणं हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे. रँडम फॉरेस्ट किंवा एक्सजीबूस्ट, म्हणजे अंदाज बांधायच्या तयार पद्धती, पायथॉनमधे थोड्याशा ओळींत चालतं, ते महिन्याभरात शिकाल. वेळ जातो तो आपण ज्याला तापमान म्हणतोय ते कशाचं, कधीचं आणि कुठलं तापमान आहे हे नीट ठरवण्यात.

आता बघा, पुण्यात हवामान खात्याची जुनी वेधशाळा शिवाजीनगरला, मग पाषाण, लोहगाव, आणि अलीकडे कोरेगाव पार्क, मगरपट्टा, चिंचवड अशी स्वयंचलित केंद्रं आलीत, तरी एवढ्या पसरलेल्या शहरात कसब्याच्या बोळात किती आणि हडपसरच्या नव्या टॉवरखाली किती हे त्यावरून कळत नाही, म्हणून सगळे उपग्रहाकडे वळतात. लँडसॅट हे अमेरिकेचे पृथ्वीचे फोटो घेणारे उपग्रह, त्यातला लँडसॅट ८ हा २०१३ पासून आणि लँडसॅट ९ हा २०२१ पासून वर आहे, दोघं मिळून दर ८ दिवसांनी तुमच्या शहरावरून जातात, डेटा फुकट आहे, गूगल अर्थ इंजिन या वेबसाइटवर बसल्या जागी मिळतो. पण त्याचा थर्मल (उष्णता टिपणारा) सेन्सर मुळात १०० मीटरच्या चौकटीत मोजतो, फाइल ३० मीटरची मिळते, ती बारकाई नंतर केलेली असते. आणि तो येतो सकाळी साडेदहाच्या आसपास, आणि मोजतो पृष्ठभाग, म्हणजे डांबर, गच्ची, माती, झाडाचा शेंडा. तुम्हीआम्ही ज्या हवेत श्वास घेतो ती तो मोजतच नाही.

याचा परिणाम काय होतो माहितीये? एप्रिलमधलं पुण्याचं चित्र काढलं की शहराबाहेरची कापणी झालेली उघडी शेतं आणि बोडक्या टेकड्या लालभडक दिसतात आणि शहर त्यामानाने थंड! भारतातल्या बऱ्याच शहरांत उन्हाळ्यात दिवसा असंच दिसतं, कारण कोरडी उघडी माती भराभर तापते आणि शहरात निदान थोडी झाडं, थोडं पाणी, इमारतींची सावली असते. रात्री उलटं होतं. माती लवकर निवते, काँक्रीट दिवसभर साठवलेली उष्णता सोडत बसतं, आणि अरुंद गल्लीत आकाशच कमी दिसतं त्यामुळे ती उष्णता वर निघून जायला वाट नसते. माणसाला त्रास होतो तो झोप न लागणाऱ्या रात्रींचा, शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. रात्रीचं तापमान मोडिस हे नासाच्या उपग्रहांवरचं उपकरण देतं पण १ किलोमीटरच्या चौकटीत, आणि इकोस्ट्रेस म्हणून एक उपकरण २०१८ पासून अंतराळ स्थानकावर आहे ते साधारण ७० मीटरचं देतं, वेगवेगळ्या वेळी, पण रोज नाही. हे सगळं जुळवणं, वरून आपण रस्त्यावर लावलेल्या सेन्सरशी ताडून बघणं, हेच माझं रोजचं काम.

पत्र्याच्या छतांची गोष्ट तर मला फार महत्त्वाची वाटते. उपग्रह तापमान थेट वाचत नाही, पृष्ठभागातून निघणारी इन्फ्रारेड किरणं मोजतो, आणि तो पृष्ठभाग ती किरणं किती चांगली सोडतो हे आपण धरून चालतो. नवा कोरा जस्ताचा पत्रा ही किरणं फारच कमी सोडतो, म्हणजे पत्रा तापून लाल व्हायची वेळ आली तरी नकाशावर ती वस्ती थंड दिसू शकते. गंजलेला किंवा रंगवलेला पत्रा वेगळा वागतो, म्हणजे एकाच वस्तीत दोन घरं दोन तऱ्हेची. आता असा नकाशा घेऊन एखाद्या पालिकेने ठरवलं की गच्च्यांना पांढरा रंग द्यायची योजना कुठे आधी राबवायची, तर दुपारी आत बसवत नाही अशी घरं यादीतून गळणार. म्हणून मी वस्तीत आत जाऊन, छताखाली, माणसाच्या उंचीवर सेन्सर लावण्यावर अडून बसते, त्याला कितीही वेळ लागो.

दुसरी अडचण पूर्ण मशीन लर्निंगची. शेजारशेजारच्या चौकटी एकमेकींसारख्याच असतात. तुम्ही नेहमीसारखं ८० टक्के चौकटी ट्रेनिंगला (मॉडेलला शिकवायला), २० टक्के टेस्टला (ते तपासायला) असं कुठूनही उचलून वाटलंत तर टेस्टमधल्या चौकटीची शेजारीण ट्रेनिंगमधे आधीच बसलेली असते, म्हणजे पेपर फुटल्यासारखंच, आकडे ९५ टक्क्यांच्या वर येतात आणि मग नव्या भागात मॉडेल आपटतं. पूर्ण प्रभागच्या प्रभाग बाजूला ठेवून तपासायचं, जमलं तर दुसऱ्या शहरावर तपासायचं. आकडे खाली येतात, येऊ द्या.

आणि याहून अवघड प्रश्न नियोजनवाले विचारतात तो, इथे झाडं लावली तर किती अंश कमी होईल? मॉडेल लगेच उत्तर देतं. पण त्याने झाडं पाहिलीत कुठे, तर कँपात, कोरेगाव पार्कात, विद्यापीठात, जिथे प्लॉट मोठे, बांधकाम विरळ, रस्ते रुंद. मग थंडावा झाडांचा की मोकळ्या जागेचा, हे त्याला वेगळं करता येत नाही. तेच उत्तर उचलून जुन्या दाटीच्या पेठेत लावायचं, जिथे मुळांना माती नाही, हे मला तरी पटत नाही. इथे भौतिकशास्त्राची मॉडेलं लागतात, एन्व्ही-मेट (गल्लीतली हवा, ऊन, सावली यांचं गणित करणारं सॉफ्टवेअर) वगैरे, जी एका गल्लीसाठी तासन् तास चालतात, आणि मशीन लर्निंगचा खरा उपयोग मला इथे दिसतो: गल्लीची रुंदी, इमारतींची उंची, झाडांची जागा बदलून बदलून अशी खूप गणितं करून घ्यायची आणि त्यावर एक झटपट उत्तर देणारं मॉडेल शिकवायचं. इमारतींची उंची, झाडांचं छत्र हे चित्रांवरून ओळखायलाही ते उत्तम आहे. शहराचे भाग पाडायला स्ट्युअर्ट आणि ओक यांची २०१२ ची, इमारती आणि जमीन कशी आहे त्यावरून १७ प्रकार करणारी पद्धत आहे, ती आधी वाचा.

अहमदाबादचं मात्र जरूर बघा. मे २०१० च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, आणि २०१३ मधे त्यांनी दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. रोजचं तापमान आणि रोजचे मृत्यू समोरासमोर ठेवले आणि इशारा कधी द्यायचा, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची हे लिहून काढलं. त्याला न्यूरल नेटवर्कसारखं गुंतागुंतीचं मशीन लर्निंग लागलं नाही. आपल्या कामाने त्याच्यापुढे काय भर घातली हे सांगता आलं पाहिजे, माझ्या मते ती भर म्हणजे शहराच्या आत कुठे आणि रात्री किती. (मुंबईवर करणार असाल तर दमटपणा धरल्याशिवाय सुरुवातच करू नका.)

तुमचं सिव्हिल वाया जाणार नाही, उलट रस्त्याचा सेक्शन, बांधकामाचं साहित्य, विकास आराखडा, साइड मार्जिन हे सगळं तुम्हाला वाचता येतं, नुसतं कॉम्प्युटर सायन्स केलेल्याला ते शिकावं लागतं. तुम्हाला शिकायचंय ते थोडं हवामानशास्त्र, क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर), एक्सॅरे (असा डेटा हाताळायची पायथॉनमधली लायब्ररी). अर्ज करायच्या आधी एवढं करा, तुमच्या गावाचं एप्रिलमधलं ढग नसलेलं एक लँडसॅट चित्र उतरवून घ्या, सगळ्यात गरम आणि सगळ्यात थंड दिसणाऱ्या जागांवर दुपारी एकदा आणि रात्री दहाला एकदा साधा थर्मामीटर घेऊन जा, आणि जे सापडेल ते घेऊनच गाइडना भेटा. त्यांना विचारा की तुमचे जमिनीवर सेन्सर आहेत का, आणि पालिकेतलं कोण हे निकाल वापरणार आहे. दोन्हीला उत्तर नसेल तर दुसरा गाइड शोधा.