पुणे ते कन्याकुमारी, सहा माणसं, एक गाडी: आधी परत यायचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाताळच्या सुट्टीत पुण्याहून कन्याकुमारी, गाडी सात सीटर. तुम्ही दोघं, सहा आणि अकरा वर्षांची मुलं, आणि आई-वडील. वडिलांना मधुमेह, इन्सुलिन चालू. आईंचे गुडघे दुखतात. हाताशी दहा दिवस. पहिल्या दिवशी थेट बंगळुरू, तिथे एक दिवस, मग मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी, तिथून मुन्नार, आणि शेवटचे दोन दिवस परतीला. आणि विचारलंय काय, तर छतावर कॅरिअर लावावं का आणि डॅशकॅम कुठला घ्यावा.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. कॅरिअर लावा नाहीतर नका लावू, तुमचं दुखणं ते शेवटचे दोन दिवस आहेत.

मी आणि नवरा, आम्ही हा रस्ता तीनदा केलाय. दोनदा सासू-सासऱ्यांना घेऊन. कन्याकुमारी पुण्याहून साधारण साडेपंधराशे किलोमीटर. तिथून दोन दिवसांत परत म्हणजे रोज पावणेआठशे, आणि तुमच्यासारखं मुन्नारहून निघालं तरी रोज साडेसहाशेच्या आसपास. जाताना उत्साह असतो, गाणी असतात, डबे भरलेले असतात. येताना मुलं कुरकुरतात, म्हाताऱ्यांचे पाय सुजलेले असतात, आणि गाडी चालवणाऱ्याला परवाच्या ऑफिसची मीटिंग दिसत असते. सगळे जण जाण्याचा बेत आखतात आणि येण्याला उरलेले दिवस देतात. मी उलटं करते. कागदावर आधी पुण्याची तारीख लिहायची, तिथून मागे मागे मुक्काम टाकत जायचे, आणि मधे जे उरेल ती आपली ट्रिप.

पहिल्या खेपेला आम्हीही शहाणे नव्हतो. परतताना बेळगावला मुक्काम ठरला होता. चार वाजता तिथे पोचलो आणि नवरा म्हणाला, ‘आता काय, साडेतीनशे किलोमीटर तर राहिलं, रात्री घरी.’ डिसेंबर म्हणजे कारखान्यांचा गळीत हंगाम. निपाणीपासून कराडपर्यंत उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरला दोन-दोन. कोल्हापूर सोडलं तोवर अंधार पडला होता. कराडच्या अलीकडे समोर रस्ता मोकळा दिसत होता आणि अचानक हेडलाइटमध्ये उसाची वाढीच लोंबताना दिसली. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, एक लाल फडकं बांधलेलं. नवऱ्याने ब्रेक मारला, मागच्या सीटवरचा डबा उडून पुढे आला, शेंगदाण्याची चटणी डॅशबोर्डभर. कुणाला काही झालं नाही. पण पुढे पुण्यापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. तेव्हापासून आमच्या गाडीचा नियम: चारला हॉटेल शोधायचं, अंधारात हायवेवर चाक फिरवायचं नाही. त्यात सातारा ते कागल पट्ट्यात रुंदीकरणाची वळणं वर्षानुवर्षं चाललीयत, ती दिवसाउजेडीच बरी.

आता तुमचे दहा दिवस. मी असे टाकेन. पहिला मुक्काम हुबळी, साधारण ४३० किलोमीटर. पहाटे पाचच्या आत पुणं सोडलंत तर नवले पुलाच्या ट्रॅफिकची कटकट नाही. दुसरा तुमकुरू, ३४० च्या आसपास. वाटेत दावणगेरेचा बेण्णे डोसा, आणि अंगात हौस असेल तर चित्रदुर्गचा किल्ला. आईंना खालच्या दरवाज्यांपर्यंतच न्या, वरचे दगड गुडघ्यांचे नाहीत. बंगळुरूत शिरू नका. मुलांना बंगळुरू दाखवायचं असेल तर कधीतरी विमानाने दाखवा. तुमकुरूहून पहाटे साडेपाचला निघा (जाता जाता क्यातसंद्राची तट्टे इडली मिळाली तर सोडू नका, आपल्या इडलीच्या चौपट), नाइस रोड धरून थेट होसूर रस्त्याला लागा. शहराला बाहेरून वळसा पडतो, ट्रॅफिक नाही. तिथून ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, तोच श्रीनगरहून निघालेला, कन्याकुमारीपर्यंत सोडायचा नाही.

तिसरा मुक्काम नामक्कल. हे नाव कुठल्याच पर्यटनाच्या यादीत नसतं, म्हणून खोल्या मिळतात. गाव ट्रक बांधणीचं आणि अंड्यांचं. ट्रकवाल्यांचं गाव म्हणजे टायर आणि मेकॅनिकची चिंता नाही. आणि तिथला अठरा फुटी हनुमान डोक्यावर छप्पर न घेता उभा आहे, सासरे अजून त्याची आठवण काढतात. चौथ्या दिवशी मदुराई फक्त १८५ किलोमीटर, दुपारी खोलीत आडवे पडा, संध्याकाळी मीनाक्षी. दक्षिणेतली बहुतेक देवळं दुपारी साधारण साडेबारा ते चार बंद असतात हे आपल्याकडच्या माणसाच्या लक्षात येत नाही, आणि मग ऊन डोक्यावर घेऊन भिंतीच्या सावलीत बसावं लागतं. मोबाईल आत नेता येत नाही, अर्ध्या चड्डीत सोडत नाहीत. पाचव्या दिवशी कन्याकुमारी, २४५. सहावा तिथेच. सातव्याला परत नामक्कल (४३०, पण रस्ता मक्खन), मग तुमकुरू, हुबळी, पुणे. झाले दहा.

बघितलंत? मुन्नार नाही, रामेश्वर नाही. मुन्नारचं मला काही वाटत नाही. सहा माणसांची भरलेली गाडी, घाटाची वळणं, ओकणारी मुलं आणि वर्षअखेरीची गर्दी. रामेश्वर मात्र तुम्ही परस्पर काढू नका. आई-वडिलांना विचारलंत का, की त्यांना नक्की काय बघायचंय? आमच्याकडे आम्ही कन्याकुमारी कन्याकुमारी करत होतो आणि सासूबाईंच्या मनात पहिल्यापासून काशी-रामेश्वर होतं. काशी झालेली, गंगेचा गडू देवघरात सात वर्षं पडून. ते आम्हाला कळलं मदुराईत, रात्री. दुसऱ्या खेपेला गडू गाडीत होता. मदुराईहून रामेश्वर १७० किलोमीटर आहे, तिथून कन्याकुमारी आणखी ३१० च्या आसपास. म्हणजे ऑफिसातून एक दिवस जास्त मागा, अकरा करा. मिळत नसेल तर कन्याकुमारीचा दुसरा दिवस द्या. समुद्र तसाही रामेश्वरलाही आहे.

आणि बारा मिळाले तर रामेश्वरबरोबर येताना तंजावरही. मी देवभोळी नाही, पण बृहदीश्वराच्या देवळात १८०३ सालचा मराठी शिलालेख आहे, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा, सरफोजी राजांच्या वेळचा. चारी बाजूंनी तमिळ ऐकून ऐकून कान थकलेले असतात आणि समोर भिंतीवर बाळबोध लिपी. माझा मुलगा तेव्हा चौथीत होता, बोट ठेवून अक्षरं लावत बसला.

पावसाचं कोणी सांगितलंय का? आपल्या डोक्यात दिवाळी झाली की पावसाळा संपला असं पक्कं बसलेलं असतं. तामिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. डिसेंबरच्या शेवटी जोर ओसरलेला असतो खरा, पण १७-१८ डिसेंबर २०२३ ला तिरुनेलवेली-तुतुकुडी भागात जे झालं ते लक्षात ठेवा: कायलपट्टिनमला चोवीस तासांत ९५ सेंटीमीटर. रस्ते, रूळ वाहून गेले, एक रेल्वेगाडी शेकडो प्रवाशांसकट स्टेशनात अडकून पडली. तुम्ही त्याच रस्त्याने जाणार. निघण्याआधी आणि मदुराईत हवामान खात्याचा इशारा बघा. लाल असेल तर मदुराईतच थांबा. हॉटेलं पैसे परत मिळण्याच्या अटीवरच बुक करा, दोनशे रुपये जास्त गेले तरी.

त्याच दिवसांत शबरीमलैचा मोसम असतो. काळे कपडे घातलेल्या अय्यप्पा भक्तांच्या बसेसच्या बसेस कन्याकुमारीलाही येतात. खोली आत्ताच घ्या. आमची एका हॉटेलातली पक्की खोली ‘सिस्टिममध्ये दिसत नाही’ म्हणून गेली होती, तेव्हापासून आदल्या दिवशी फोन करून माणसाच्या तोंडून हो घेते. विवेकानंद शिलेच्या बोटीची रांग सकाळी आठला सुरू होते, तुम्ही सातला उभे राहा. समुद्र खवळला की बोट बंद, त्यावर वाद घालू नका. हे स्मारक १९७० साली उभं राहिलं ते एकनाथ रानड्यांच्या खटपटीतून, आणि रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, एवढं मुलांना सांगून ठेवा. शेजारी तमिळ कवी तिरुवल्लुवरांचा १३३ फुटी पुतळा. त्यांच्या ‘कुरळ’ ग्रंथाचे अध्याय १३३, म्हणून उंची तेवढी. दोन्ही खडकांमधे आता काचेचा पूल आहे, डिसेंबर २०२४ च्या शेवटी सुरू झाला. मुलं खूश होतील, आई खाली बघणार नाहीत.

आता ज्याबद्दल पुरुष मंडळी लिहीतच नाहीत ते. घरातल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. सासूबाई पहिल्या दिवशी हुबळीपर्यंत ठणठणीत, दुसऱ्या दिवशी दावणगेरेला उतरताना गाडीचं दार धरून उभ्या राहिल्या, घेरी आली. मी त्यांची बाटली उचलली तर ती जड लागली. सकाळी भरून दिलेली, झाकणही उघडलेलं नव्हतं. ‘सारखं कुठे थांबायला सांगायचं,’ म्हणाल्या. तेव्हा कोणी मागो न मागो, दर दोन तासांनी गाडी थांबलीच पाहिजे. मोठ्या पेट्रोल पंपावर थांबा, आधी तुमच्या मिसेसना आत जाऊन बघू द्या, त्या मान हलवतील तर आईंना उतरवा, नाहीतर पुढचा पंप. पेट्रोल भरायची गरज नसली तरी. वडिलांच्याही पायांना ते दोन तासांनी चालणं हवंच, आणि त्यांचं जेवण घड्याळावर ठेवा, ‘पुढे चांगलं हॉटेल आहे’ यावर नाही. इन्सुलिनचा साठा थंड पिशवीत, पण बर्फाला टेकवायचा नाही, आणि उन्हात उभ्या गाडीत विसरायचा नाही. बाकी डोसाचं त्यांच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा.

तुम्ही लिहिलंय, ‘बायकोला गाडी येते पण हायवेची सवय नाही.’ मग सवय होऊ दे. दोन रविवार साताऱ्यापर्यंत त्यांना चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. चाळीशीतल्या एकट्या माणसाने सहा जणांना तीन हजार किलोमीटर ओढायचं यात काही शौर्य नाही. तुमकुरू ते होसूर आणि मदुराईच्या पुढचा रस्ता त्यांना द्या. धर्मपुरी ते सेलममधला तोप्पूर घाट मात्र तुम्ही घ्या: लांबलचक उतार, ट्रकांचे ब्रेक तापून निकामी होतात, अपघातांसाठी बदनाम. खालचा गिअर टाकून, डाव्या बाजूने, कुठल्याही ट्रकच्या पुढ्यात न रेंगाळता.

कॅरिअर लावू नका. तिसरी सीट उघडली की डिकीत दोन बॅगा बसतात हे खरं, पण छतावर बोजा चढवला की गाडी वाऱ्यावर डुलते आणि रोज संध्याकाळी दोऱ्या कोण सोडणार? माणशी एक मऊ बॅग, चार दिवसांचे कपडे, मदुराईत धुऊन घ्या. डॅशकॅम हवा तो घ्या. त्यापेक्षा टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात ते वाचा. ३५१९ असेल तर २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला टायर आहे, तो या प्रवासाला नेऊ नका. टायरमधली हवा माणसं-सामानाने भरलेल्या गाडीच्या हिशेबाने ठेवा, ड्रायव्हरच्या दाराशी चिकटवलेल्या कागदावर असते तेवढी. स्टेपनीचीही.

फास्टॅगचा वार्षिक पास घ्याच. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपये होता, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, म्हणजे नाक्याला सरासरी पंधरा रुपये. या एका प्रवासातच बराचसा वसूल होतो. तो राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे, नाइस रोडला चालत नाही. तिथले पैसे वेगळे ठेवा. हायवेवर काही झालं तर १०३३ ला फोन.

तामिळनाडूत हिंदीवर विसंबू नका, मोडक्या इंग्रजीने जास्त काम होतं. ‘एव्वळवु’ म्हणजे किती, ‘तण्णी’ पाणी, ‘सापाडु’ जेवण, ‘नेरा’ सरळ. आमच्या सासूबाईंनी तिसऱ्या दिवसापासून ‘तण्णी’ एवढा एकच शब्द उचलला आणि प्रत्येक हॉटेलात शिरताना मोठ्यांदा तोच म्हणायच्या. पोऱ्या धावत तांब्या घेऊन यायचा, आणि त्या माझ्याकडे बघून तो पूर्ण रिकामा करायच्या.