पहिल्यांदा डास धरायला निघालास तर

साथीच्या गावात जायचं तर सकाळीच नीघ. डेंग्यू-चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, म्हणून रांजण-हौद कायम भरलेले, त्यातच त्याच्या अळ्या होतात. पण नुसत्या अळ्या मोजून परत येऊ नको, आपल्याला डासात विषाणू आहे का ते बघायचंय. खुंटीवरचे कपडे हळूच हलव, बाजेखाली बॅटरी मार. काळ्या पायांवर पांढरे पट्टे दिसले की नळीनं अलगद ओढून घे.

मग लगेच बर्फात. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय ऐवज, उन्हात टिकत नाही. माझा एकदा थर्मासातला बर्फ वाटेतच वितळला, आख्ख्या दिवसाची मेहनत पाण्यात! कुपीवर घर नि तारीख पेन्सिलीनं लिही, शाई ओलीनं पुसते.

पोट लाल दिसणारी मादी वेगळी ठेव. तिच्यात सापडलेला विषाणू नुकत्याच प्यालेल्या रक्तातला असू शकतो. पोटातून लाळेपर्यंत पोचायला त्याला साधारण 8 ते 12 दिवस लागतात. बाकीच्या एकाच जातीच्या, एकाच गल्लीतल्या वीसेक माद्यांचा एक गट करून आरटी-पीसीआरला, म्हणजे हा आरएनए शोधणाऱ्या चाचणीला दे. गट पॉझिटिव्ह म्हणजे त्यात निदान एक बाधित, सगळ्या नव्हे. अन् निगेटिव्ह आला म्हणून सरपंचांना ‘गाव मोकळं’ असं सांगून बसू नको. ऐन साथीतही बाधित डास थोडेच असतात.