हवेच्या स्पीअरगन : ‘सोपं लोडिंग’ म्हणजे किती सोपं?

पाण्याखाली भाल्याने मासे टिपायच्या, हवेच्या दाबावर चालणाऱ्या स्पीअरगनच्या नवनव्या बनावटी येतात, त्यांच्याबरोबर जाहिराती येतात आणि पाठोपाठ तेच प्रश्न. जोर कमी लावून मारा जास्त मिळेल, अशी आशा बहुतेक पत्रांत दिसते. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : १३ मिमीची जुनी गन देऊन ११ मिमी नळीची घ्यावी म्हणतो. विक्रेता सांगतो, “मारा तोच, भरायला मात्र तीस टक्के सोपी.” खरं का?

दुसरा भाग जवळजवळ खरा आहे. त्याला जोडून पहिला ऐकवतात, ती विक्रीची हातचलाखी. भाला आत रेटताना तुम्ही जितकं काम करता, त्यातूनच चाप ओढल्यावर भाल्याला वेग मिळतो. घर्षणात आणि पाणी सारण्यात जाईल तेवढं वजा. १३ मिमी नळीत २० बार दाब असेल तर दट्ट्या (भाल्याला ढकलणारा नळीतला पिस्टन) नुसता हलायलाच सुमारे २७ किलोंचा जोर लागतो. पुढे आतली हवा दबत जाते तसा तो वाढतो. त्याच दाबाला ११ मिमी नळीत १९ किलो पुरतात. पण मग भाल्याला ढकलणारा जोरही त्याच प्रमाणात घटला. तो परत हवा असेल तर दाब २८ बारवर न्या, हाताला पुन्हा २७ किलो लागतील.

अरुंद नळीचा खरा फायदा पाण्यात आहे, आणि तो विक्रेता सांगत नाही. ७ मिमीचा भाला घातलेल्या एक मीटर लांब नळीत १३ मिमीला सुमारे ९४ मिलिलिटर पाणी राहतं, ११ मिमीला सुमारे ५७. सुटताना दट्ट्याला ते सगळं पुढून बाहेर सारावं लागतं. पाणी कमी तितकी ताकद भाल्याच्या वाट्याला जास्त. यातून थोडी भरपाई होते. किती, हे गनगणिक बदलतं. घेण्याआधी दोन्ही गन पाण्यात, जाणत्या माणसासमोर चालवून पाहा.

प्रश्न : कोरड्या नळीचं व्हॅक्यूम किट बसवून घेतलं. सुरुवातीला मारा झकास होता, आता मंदावलाय. हवा भरू का?

हवा नंतर, आधी सील पाहा. कोरड्या नळीत तोंडाशी असलेला सील भाल्याला घट्ट बसतो आणि पाणी आत येऊ देत नाही. म्हणून तर मारा वाढतो. सीलची कड झिजली किंवा भाल्यावर ओरखडा पडला की पाणी झिरपतं. साध्या ओल्या नळीच्या तोंडाला पाणी निसटायला भोकं असतात, कोरडीला बहुधा नसतात किंवा अगदी लहान असतात. त्यामुळे पाणी शिरलेली कोरडी नळी ओल्या नळीहूनही वाईट चालते. आणखी एक गोष्ट : समोर पाण्याचा अडसर नसल्याने दट्ट्या तोंडावर जास्त जोराने आदळतो. जुन्या गनचा धक्काशोषक त्यासाठी केलेला आहे का, हे किट विकणाऱ्याने विचारलं होतं का? नसेल, तर वापर थांबवून गन दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा.

प्रश्न : पाणी पंप करून भरायच्या गनला जोर लागतच नाही म्हणे?

लागतो, हप्त्याने. भाला आधी हलकेच आत बसतो, मग पंपाच्या प्रत्येक दाबागणिक थोडं पाणी आत जातं आणि हवा आवळली जाते. एकूण काम तेवढंच. मनगट किंवा खांदा कमजोर असलेल्याला ही सोय मोठी आहे, हे मान्य. शिवाय किती वेळा पंप करायचं यावर मारा कमीजास्त ठेवता येतो. पण वेळ जातो, झडपा आणि सील वाढतात, आणि गढूळ पाण्यातली वाळू त्यांची वैरीण. पुलीवाल्या गनचंही तेच गणित : जोर निम्मा केला की ओढ दुप्पट लांब.

प्रश्न : स्कूबाच्या टाकीतून हवा भरली तर? हातपंपाने दंड भरून येतात.

नाही. टाकीत २०० बार, तुमच्या गनला २० ते ३०. ऑक्सिजन किंवा नायट्रॉक्सचं (जादा ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचं) तर नावच काढू नका, आत तेल आहे, ते पेट घेऊ शकतं.

प्रश्न : भाला आत रेटायला नवीन हँडलचा लोडर घेतलाय. वेळ वाचावा म्हणून गन बोटीतच भरून घेतो, कधी डुबकीत खाली भरतो. एक मित्र म्हणतो सेफ्टी लावली की काळजी नाही.

मित्राचं ऐकू नका. सेफ्टी बहुतेक गनमध्ये फक्त चाप अडवते. दट्ट्याला धरून ठेवणारा आतला खटका झिजला असेल तर तिला काही करता येत नाही. खटका निसटला की भाला आत रेटलेल्या पूर्ण जोराने परत येतो, आणि बोटीत त्याच्या रेषेत कोणी ना कोणी असतंच. पाण्याबाहेर भरलेली गन बाळगायला इटलीच्या नियमांत सरळ मनाई आहे. तुमच्याकडचे नियम विचारून घ्या, पण नियम नसला तरी बोटीत भरू नका. हँडल तळहात वाचवतं, चेहरा नाही. भाला नेहमी शरीरापासून दूर रोखून भरा, ‘खट्’ ऐकू आल्यावरही हात झटकन काढू नका. जोर हळूहळू सैल करा, खटक्याने धरलंय याची खात्री करा, मगच सोडा.

डुबकीत खाली भरणं तर त्याहून वाईट. तीस-पस्तीस किलो रेटण्याच्या कष्टात श्वास रोखलेल्या शरीराचा ऑक्सिजन भराभर संपतो. वर येताना भोवतालचा दाब उतरतो, तसा उरलेल्या ऑक्सिजनचाही दाब उतरतो आणि शेवटच्या काही मीटरांत शुद्ध हरपते. आधी काही जाणवेलच असं नाही. डुबकीआधी भराभर दीर्घ श्वास घेण्याची सवय असेल तर धोका आणखी वाढतो, कारण श्वासाची निकड उशिरा कळते. म्हणून पृष्ठभागावर, स्नॉर्कल तोंडात ठेवून भरा. मग श्वास पूर्ववत होईपर्यंत नुसते तरंगा. जोडीदार वर थांबून तुमच्यावर लक्ष ठेवणारा हवा, तुमच्याबरोबर खाली मासा शोधणारा नको. तरंगताना गन सहज भरता येत नसेल तर दाब उतरवून घ्या. भरताना छातीत कळ, चक्कर किंवा जांघेत ओढ जाणवली असेल तर लोडर बदलू नका, डॉक्टरांकडे जा. यात चालढकल करणारे बरेच भेटतात.

प्रश्न : घरी पाण्याबाहेर एकदा चाप ओढून पाहिला तर चालेल?

नको. पाण्याच्या अडसराविना दट्ट्या नळीचं तोंड फोडू शकतो, आणि भाला कुठे जाईल त्याचा नेम नाही.

प्रश्न : वर्षभर पडून असलेल्या गनचा दाब टिकलाय असं वाटतं. सील घरीच बदलू का?

दाब टिकलाय, हेच तर घरी न उघडण्याचं कारण. भाला काढला म्हणून गन रिकामी होत नाही, हवा आत तशीच असते. माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे व्हॉल्व्हमधून सगळी हवा सोडल्याशिवाय एकही आटा सैल करू नका. व्हॉल्व्ह अडकला असेल तर गन आहे तशी तंत्रज्ञाकडे न्या आणि आत दाब आहे हे त्याला आधी सांगा. तेलही तो सांगेल तेच.