ओव्हनमधला मसालेदार फ्लॉवर: तुमचे प्रश्न

प्रश्न: फ्लॉवर खरपूस होतच नाही, उकडल्यासारखा मऊ पडतो. २०० अंशांवर अर्धा तास ठेवते. काय चुकतंय?

बहुधा पाणी नडतंय. फ्लॉवरमध्ये ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यात धुताना बेचक्यांत अडकलेलं पाणी वेगळं. तुऱ्यांचा वरचा थर ओला आहे तोवर तो १०० अंशांच्या फारसा पुढे जात नाही, आणि तांबूस रंग धरायला साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणून तुरे चाळणीत निथळा, मग फडक्यावर पसरून कोरडे होऊ द्या. घाईत हीच पायरी गाळली जाते.

दुसरं म्हणजे गर्दी. दोन तुऱ्यांत बोटभर जागा हवी, नाहीतर एकाची वाफ शेजारच्याला शिजवत बसते. एका ट्रेत मावत नसेल तर दोन खेपा करा. ओव्हन २२० अंशांवर, पंखा चालू असेल तर २०० वर, आधी तापवा आणि ट्रेही आतच तापू द्या. मोठे तुरे मधोमध चिरून सपाट बाजू ट्रेला टेकवा. पहिली पंधरा मिनिटं हात लावू नका. मग उलटून आणखी दहा.

प्रश्न: फ्लॉवर भाजेपर्यंत मसाला काळा पडतो, कडू लागतो.

सगळे मसाले एकदम घालता म्हणून. हळद, धणेपूड आणि मीठ तेलात कालवून सुरुवातीला चोळा. ६०० ग्रॅम तुऱ्यांना तीन टेबलस्पून तेल लागतंच, कंजुषी केली तर कोरडी पूड आधी करपते. तिखट आणि बारीक चिरलेला लसूण चमचाभर तेलात मिसळून तुरे उलटताना घाला. गरम मसाला ट्रे बाहेर काढल्यावर. लिंबूही तेव्हाच, आधी पिळलं की पुन्हा ओलावा आला!

प्रश्न: दह्यात मुरवून भाजलं तर?

छान लागतं, पण कुरकुरीतपणाची अपेक्षा सोडा. दही फडक्यात टांगून पाणी काढलेलं हवं. त्यात दोन चमचे भाजलेलं बेसन घातलं की लेप निसटत नाही. मीठ मात्र ट्रे आत सरकवण्याआधी घाला; मीठ लावून तासभर ठेवलात तर फ्लॉवरला पाणी सुटून लेप पातळ होतो.

प्रश्न: अख्खा गड्डा भाजता येईल का?

येतो. आधी मिठाच्या उकळत्या पाण्यात आठ-दहा मिनिटं, मग पालथा ठेवून चांगला निथळू द्या. मसाला लावून २०० अंशांवर पाऊण तासाच्या आसपास भाजा. दांड्यात सुरी सहज शिरली की झाला. दिसतो देखणा, पण मसाला राहतो वरवर. पाहुण्यांसमोर ठीक, चवीसाठी मी तुरेच करेन.

प्रश्न: दांडा आणि पानं टाकूनच द्यायची ना?

अजिबात नाही. दांडा सोलून चकत्या तुऱ्यांबरोबरच भाजा. कोवळ्या पानांना तेलाचा हात लावून शेवटच्या आठ मिनिटांत ट्रेत टाका, पापडासारखी होतात.

प्रश्न: उरलेला फ्लॉवर मायक्रोवेव्हमध्ये गरम करू?

नको, लगदा होईल. तापलेल्या तव्यावर झाकण न ठेवता परता.