दुसरी गिटार घेताना

प्रिय बाबू,

तू पाठवलेले दोन्ही गिटारींचे फोटो बघितले. दोन्ही ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पोटाच्या, आणि तुझ्याकडे आहे तीही ड्रेडनॉटच. मग दुसरी घेऊन करणार काय? लाकूड भारी आहे म्हणतोस. असेल. पण तू कॉर्ड्स वाजवताना मागच्या रांगेतल्याला महोगनी की रोझवूड हे कळत नाही. (भारतीय रोझवूड म्हणजे आपलं शिसवीच. नाव इंग्रजी झालं की भाव वाढतो.) फरक पडतो तो आधी आकाराने, मग वरच्या फळीने. पाठीच्या लाकडाचा नंबर शेवटी.

ड्रेडनॉट हे युद्धनौकेचं नाव. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये हा आकार काढला. तुझा मोठा गळा आणि दणकट स्ट्रमिंग, दोन्हीला ती बरोबर बसते. पण परवा बोटांनी वाजवत होतास तेव्हा अंगठ्याचा बास असा घुमत होता की बारीक दोन तारांवरची चाल त्यात बुडून गेली. हात चुकत नव्हता, गिटारच तशी आहे. त्यासाठी ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल) हा आकार बघ. कंबर बारीक, पोट उथळ, बास आवरलेला. १९२९ मध्ये एका बँजोवाल्याच्या मागणीवरून ती निघाली. त्याला लांब मान हवी होती, म्हणून १४ फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बॉडीबाहेर. नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, शक्यतो ४४.५ मिलिमीटर रुंदीचा घे. तुझा ४३ चा असेल. दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण डी कॉर्डवर बोटं एकमेकांवर चढायची थांबतात.

नायलॉनची क्लासिकल आवडली तर खुशाल घे, मात्र तिला स्टीलच्या तारा कधी लावू नको. ब्रिज (पोटावर तारा अडकवलेली पट्टी) उखडतो.

आता नागपूरचं ऐक. माझी पहिली सॉलिड टॉपची, म्हणजे वरची फळी एकसंध लाकडाची असलेली, गिटार मी मे महिन्यात भिंतीवर टांगून ठेवली. दुपारी खोली भट्टी, रात्री समोरून कुलरचा ओला वारा. पंधरा दिवसांत फ्रेटची टोकं मानेच्या कडेला टोचायला लागली, कारण लाकूड आकसतं आणि धातू आहे तेवढाच राहतो. मग एका सकाळी ब्रिजच्या खाली केसाएवढी भेग दिसली. नखाने चाचपली तर नख अडकलं. पावसाळ्यात तीच फळी फुगून वर आली आणि अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, इतकी वाढली की एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा बारे कॉर्ड धरणं मुश्कील. चूक माझी, गिटारीची काय?

म्हणून तुला सरळ सांगतो. केसमध्ये ठेवायची सवय नसेल तर पूर्ण प्लायचीच, म्हणजे थर चिकटवलेल्या लाकडाची, घे. आवाज थोडा कोता येईल, पण आपल्या उन्हाळ्यात तिला सहसा फारसं काही होत नाही. सॉलिड टॉप घेणार असशील तर केस आणि छोटा आर्द्रतामापक त्याच दिवशी घे. काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये राहू दे आणि कुलरच्या तोंडासमोर गिटार ठेवू नको.

बर्डीला किंवा सदरला दुकानात बघायला जाशील तेव्हा स्वतःची गिटार सोबत ने. दुकानदार तोंडाने सॉलिड म्हणतोच. तू साउंडहोलची (पोटावरच्या गोल भोकाची) कड बघ, वरच्या लाकडाची शीर कडेवरून तशीच खाली उतरली तर सॉलिड, सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. मग बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजव, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून, आणि मग तिथेच दाबून वाजव. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. फ्रेटच्या कडेवरून तळहात फिरव. आत्ता मे चालू आहे ते एका परीने बरंच आहे. भर उन्हाळ्यात दुकानात टोचत नसेल, तर ती नीट ठेवलेली आहे.

निवडलेल्या दोन गिटारी माझ्याकडे पाठ करून मला वाजवायला लाव, न बघता सांग कोणती आवडली. रविवारी सकाळी नऊला ये, आधी तर्री पोहे खाऊ. आणि तुझ्या तारा बदलून आण रे, त्या गंजल्यात.

तुझा,
काका